आत्याच्या घरांकडे बदकं फिरकेनात

"हलू नकोस," योरिद कुजबुजली. "श्वाससुद्धा हळू घे."

"मी घरात, बदकं बाहेर, मध्ये दोन काचा," तिचा धाकटा भाऊ वेत्ले म्हणाला. "माझा श्वास त्यांना ऐकू गेला तर त्यांचेच कान तपासायला हवेत."

पण तोही कुजबुजतच होता. आयडर बदकं किनाऱ्यावर चढायला लागली की टारवेर बेटावर सगळेच कुजबुजतात. कुत्री बांधली जातात, बोटी इंजिन मंद करून धक्क्याला लागतात, हातोडे पेटीत जातात, आणि नवरा-बायकोला कडाक्याचं भांडायचं असेल तर त्यांना जूनअखेरपर्यंत दम धरावा लागतो.

समुद्रातून दोन तपकिरी माद्या गवतावर आल्या. त्यांच्यामागून त्यांचे काळे-पांढरे नर, लग्नाला निघाल्यासारखे. वर उतारावर ओद्रुनआत्याची दगडी घरं त्यांच्यासाठी तयार होती. बदकं तिथे अंडी उबवत आणि जाताना घरट्यातली मऊ पिसं मागे ठेवत, तीच आत्याची कमाई. घरं म्हणजे गुडघ्याइतकी उंच, वर फळ्यांचं छप्पर, समोर एक भोक आणि आत वाळवून पिंजलेलं समुद्रशेवाळ. ते शेवाळ सगळा एप्रिल महिना योरिदने पिंजलं होतं. मिठाने तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या.

बदकं डुलत डुलत होडीघराच्या छपराआड गेली. आता ती वरच्या बाजूने, थेट घरांच्या दारात बाहेर यायला हवी होती.

ती बाहेर आली, पण खालच्या बाजूने आणि पळत. एकमेकांना तुडवत ती पाण्यात पडली, जरा वेळ तरंगली आणि दगडी गडग्याला वळसा घालून पलीकडे, शेजारच्या तोर्गेर आजोबांच्या उतारावर चढली. तिथे मात्र अगदी माहेरी आल्यासारखी.

"गेली," वेत्ले म्हणाला.

"दिसलं मला."

"कालच्यासारखीच."

"वेत्ले, तोंड बंद कर."

 तोर्गेर आजोबांच्या घरांत बदकं दाटीवाटीने बसली होती. आत्याच्या घरांत एकही नव्हतं. आणि आत्याने वचन दिलं होतं की बाराव्या वर्षी योरिदला पक्ष्यांमध्ये आत घेऊन जाईन. आत म्हणजे गडग्याच्या आत, जिथे राखणदाराशिवाय कुणी पाऊल टाकत नाही. योरिदला बारावं लागून तीन आठवडे झाले होते. जायला बदकंच नव्हती.

"रविवारपर्यंत बघू," आत्या काल म्हणाली होती. "मग यंदापुरती घरांची दारं बुजवून टाकू. मादी एकदा जिथे बसते, पुढच्या वर्षी तिथेच येते. यंदा पलीकडे बसली की ती कायमची त्यांचीच झाली, पोरी."

त्या दिवशी गुरुवार होता, स्वर्गारोहणाच्या ख्रिस्ती सणाची सुट्टी. शुक्रवार जोडून शाळेने सोडलेला, आणि रविवारी सतरा मे, देशाचा सण. एवढी घसघशीत सुट्टी आणि योरिदच्या तोंडाची चव गेलेली.

धक्क्यावर आमुन गळ टाकून बसला होता. आमुन म्हणजे तोर्गेर आजोबांचा नातू, योरिदच्या वर्गातला. वर्गात पाचच मुलं, त्यामुळे त्याला टाळायचं म्हटलं तरी टाळता येत नसे.

"तुमच्याकडे आज किती बसली?" त्याने विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"सहज. आजोबा म्हणतात, पक्ष्यांना माणसं कळतात."

"मग तुझ्याकडे कशी येतात?" योरिद म्हणाली आणि वेत्लेचा दंड धरून पुढे निघाली. आमुनचे कान लाल झाले. ते पाहून तिला बरं वाटलं, पण धक्का संपेपर्यंतच.

"तो काहीतरी करतोय," ती म्हणाली. "आपल्या बदकांना हाकलतोय. नाहीतर ओढून तरी घेतोय."

"सकाळी होडीघरामागे त्याची टोपी दिसली होती मला," वेत्ले म्हणाला.

"आणि हे तू आत्ता सांगतोस?"

"तूच म्हणालीस ना, तोंड बंद कर."

दुसऱ्या दिवशी पहाटेच दोघं राखाडी घोंगड्या पांघरून, पोटावर सरपटत होडीघरामागे पोचले. आमुन तिथे आधीच हजर होता. गवतात पालथा पडून त्याने आजोबांची दुर्बीण डोळ्यांना लावली होती. योरिदने त्याचा बूट धरून ओढला.

भांडण जोरदार झालं. पण सगळं कुजबुजत, त्यामुळे लांबून कुणाला वाटलं असतं की तिघं प्रार्थना करतायत.

"चोर," योरिद म्हणाली.

"मी काय चोरलं?"

"आमची बदकं. पाव टाकतोस तू त्यांना, नाहीतर शिट्टी वाजवतोस."

"शिट्टी वाजवली असती तर आजोबांनी मलाच एका घरट्यात कोंबलं असतं. मी बघायला आलोय, ती तुमच्याकडून पळतात का ते."

"तुला त्याचं इतकं वाईट वाटतं?"

आमुनने दुर्बीण खाली ठेवली. "आमच्याकडे जागा उरली नाही. एकेका घरात दोन-दोन माद्या घुसतात, भांडतात, अंडी बाहेर ढकलून देतात. काल तीन अंडी गार पडलेली होती. आजोबा बघतात आणि बोलत नाहीत. बोलले तर जास्त बदकं असण्यातली मजा जाईल ना."

 आमुन पुढे म्हणाला, "आणि तुझी आत्या तुला आत नेणार. मला आजोबा गडग्याला हातसुद्धा लावू देत नाहीत. मी धांदरट आहे म्हणे. सगळ्या वर्गाला सांगत सुटली होतीस तू. तेव्हा वाटलं होतं, हिच्याकडे एकही बदक न येवो."

"म्हणजे तूच शाप दिलास," वेत्ले म्हणाला.

"दिला असेल तर मागे घ्यायलाच आलोय."

गंमत अशी की योरिदला याचा राग आला नाही. ज्याच्यावर आपण आठवडाभर जळत होतो तो आपल्यावर वर्षभर जळतोय, हे ऐकून तिला जरा गारच वाटलं.

"एक सांगू?" आमुन म्हणाला. "ढगाळ दिवशी ती तुमच्याकडे येतात. दारात डोकावून जातात. ऊन पडलं की पळतात. असं का, तेच कळत नाही."

तेवढ्यात चार बदकं गवतावर चढली. तिघांनी माना खाली घातल्या. आकाशात ढग होते. बदकं चालत चालत पहिल्या घरापाशी आली, एका मादीने भोकात डोकं घातलं आणि चोचीने शेवाळ उपसून पाहिलं. योरिदने वेत्लेचा हात इतका आवळला की त्याने दुसरा हात स्वतःच्या तोंडात कोंबला.

आणि ऊन पडलं.

गवतावरून काहीतरी काळं, लांब आणि टोकदार सरकत आलं. ते मादीच्या पाठीवरून गेलं. चारही बदकं जमिनीला चिकटली, क्षणभर तशीच राहिली आणि मग जीव घेऊन पाण्याकडे धावली.

"गरुड," आमुन म्हणाला. समुद्री गरुडाची सावली अंगावर पडली की बदकांचं हे असंच होतं, टारवेरच्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं.

तिघांनी वर पाहिलं. आकाशात साधी चिमणीही नव्हती.

काळी सावली पुन्हा आली. त्याच वाटेने गेली, परत फिरली, वळवळली. वेत्ले डोळे बारीक करून बघत राहिला.

"गरुडाला शेपटीला दांडी असते का?" त्याने विचारलं. "बघ ना, मागे एक सरळ रेघ आहे."

खरंच होती. काठीसारखी बारीक, सरळ रेघ. तिघं गडग्याच्या बाहेरून तिच्या कडेकडेने सरपटत वर निघाले. होडीघराच्या पुढून, बटाट्याच्या वाफ्यांवरून आणि टेकाडावरून चढत रेघ थेट योरिदच्या स्वतःच्या अंगणात गेली. तिथे बाबांचा नवा झेंड्याचा खांब उभा होता आणि त्याच्या टोकावर लाल-पांढरी-निळी, हातभर रुंद आणि सापासारखी लांब पताका वाऱ्यावर वळवळत होती. तिच्या मागून सकाळचं ऊन येत होतं.

"अरे देवा," योरिद म्हणाली.

आमुन हसला नाही. म्हणजे हसला, पण तोंड वळवून.

या खांबाची कथा साऱ्या गावाला पाठ होती. गेल्या वर्षी तोर्गेर आजोबांनी नवा खांब उभारला, बाबांच्या खांबाहून उंच, वर सोनेरी गोळा. बाबांनी त्याचं तोंडभर कौतुक केलं आणि घरी येऊन जेवलेच नाहीत. खिडकीतून तो गोळा दिसे. आईने पडदा लावला, तर पडद्यातूनही त्यांना दिसे. शेवटी मार्चमध्ये मोठ्या बोटीतून बाबांचा खांब आला, बारा मीटरचा. बदकं यायच्या आत सगळी ठोकाठोक उरकून त्यांनी नियम तंतोतंत पाळला. मत्सर लहान मुलांनाच होतो, अशी मोठ्यांची समजूत असते. लहान मुलांच्या मत्सराला निदान पाया खणावा लागत नाही.

बाबा खालच्या वर्कशॉपमध्ये एका बोटीचं इंजिन उघडून बसले होते. आवाज होऊ नये म्हणून पान्यांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. योरिदने सगळं सांगितलं. बाबा ऐकत होते, तोवर तिने आमुनचं नाव घेतलं.

"अच्छा. म्हणजे हे तोर्गेरच्या नातवाचं डोकं," बाबा म्हणाले.

"नाही बाबा, आम्ही तिघांनी पाहिलं."

"तोर्गेरकडेही खांब आहे. त्याची नाही सावली पडत?"

"त्यांचा खांब पाण्याच्या कडेला आहे. सकाळी सावली समुद्रात पडते."

"हो का? माझा खांब सोडून सगळ्यांच्या सावल्या शहाण्या. बदकं मुंगसासारख्या त्या मिंकला घाबरली असतील. आत्याला सापळा लावायला सांग." ते पुन्हा इंजिनात वाकले. "आणि पताका रात्रंदिवस ठेवली तरी चालते. झेंड्याचे नियम मला कुणी शिकवू नयेत."

योरिद त्यांच्या वाकलेल्या मानेकडे बघत राहिली. मानेवरची शीर फुगली होती. आपलीही अशीच फुगत असणार, असं तिच्या मनात आलं.

"नाही म्हणाले," तिने बाहेर येऊन सांगितलं. "पताका उतरवली तर तुझे आजोबा जिंकले, असं होईल ना."

"मग आत्याकडून सांगूया," वेत्ले म्हणाला.

"आत्याने सांगितलं तर दोघं बहीण-भाऊ ख्रिसमसपर्यंत बोलणार नाहीत. आणि रविवार परवावर आलाय."

आमुन बराच वेळ गवताची काडी चावत होता. "पताका रात्रंदिवस चालते," तो म्हणाला. "पण झेंडा?"

"झेंडा सकाळी आठला चढवायचा, रात्री नऊच्या आत उतरवायचा," वेत्लेने शाळेतल्यासारखं घडाघडा म्हटलं. "आणि खांबावर दोन्ही एकदम नाही."

"बदकांची फेरी आठच्या आत उरकते," आमुन म्हणाला. "तुझ्या बाबांनी पताका सोडून रोज झेंडा लावायला घेतला, तर सकाळी आठपर्यंत खांब उघडा."

"पण ते पताका का सोडतील?"

"कारण माझे आजोबा काहीतरी बोलतील. ते काय बोलतील, ते मला आत्ताच माहीत आहे. मी फक्त विचारायचं काम करतो."

काट्याने काटा काढायचा, असं ठरलं. खोटं मात्र एक अक्षर बोलायचं नाही. दुपारी आमुन गडग्यावरून डोकावला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर साखर पेरल्यासारखं हसू होतं. योरिदने त्याच्याकडून आजोबांचं वाक्य दोनदा म्हणून घेतलं, म्हणजे एक शब्द इकडचा तिकडे व्हायला नको.

संध्याकाळी टेबलावर माशाचे वडे होते. आई मासेपालनाच्या तराफ्यावरची पाळी संपवून आली होती आणि तिला भूक लागली होती. योरिदने बाबांच्या काट्यावर बटाटा चढेपर्यंत वाट पाहिली.

"बाबा, तोर्गेर आजोबा म्हणतात, जो पहाटे उठतो तो झेंडा लावतो आणि जो झोपून राहतो तो पताका लावतो."

बटाटा काट्यावरच राहिला.

"कुणाला म्हणाले?"

"आमुनला. त्याने विचारलं, पताका कोण लावतं."

"वडे छान झालेत," आई म्हणाली. तिने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

बाबा उठले. नऊला पाच मिनिटं कमी असताना पताका खाली आली होती, तिची घडी कपाटात गेली होती आणि झेंडा इस्त्री होत होता.

शनिवारी सकाळी खांब काठीसारखा उघडा उभा होता. स्वच्छ ऊन होतं, वारा पडलेला. योरिद आणि वेत्ले खिडकीत आणि आमुन होडीघरामागे. बदकं चढली, छपराआड गेली आणि वरच्या बाजूने बाहेर आली. एक मादी घरात शिरली. दुसरी शिरली. नर बाहेर उभे राहून उगाचच इकडेतिकडे बघत राहिले. योरिदने डोकं खिडकीच्या चौकटीला टेकलं आणि ती रडली. वेत्लेने तिची चेष्टा केली नाही, कारण त्याचंही नाक वाहत होतं.

आठ वाजता बाबा घड्याळ हातात धरून खांबापाशी उभे राहिले आणि ठोक्याला झेंडा वर गेला. गडग्यापलीकडे तोर्गेर आजोबा दाढीला अर्धा साबण लावलेल्या अवस्थेत बाहेर आले, बघत राहिले, आत गेले आणि आपला झेंडा घेऊन धावत परतले. सण उद्या, आणि एक म्हातारा नि एक म्हातारा होऊ घातलेला, असे दोन शेजारी आजच कवायत करत होते.

खरा घोळ रविवारी झाला. सतरा मे. सगळं गाव नटलेलं. मिरवणूक निघाली होती, बदकांच्या किनाऱ्यावर वाद्यं बंद ठेवून, पायांचे आवाज न करता. लोक हातातले छोटे झेंडे घेऊन टेकाडाखालून चालले होते आणि बरोबर आठला बाबांनी दोरी ओढली. वारा जोराचा होता. मोठा झेंडा फाडकन उलगडला.

खाली उतारावर एक मादी उशिराने चढत होती. झेंड्याची सावली तिच्यावरून आणि घरांवरून सपकन गेली. ती जमिनीला चिकटली. पहिल्या घरातून कालच बसलेली मादी झेप घेऊन बाहेर पडली आणि धडपडत पाण्याकडे पळाली.

बाबांचा हात दोरीवरच थांबला. त्यांनी आकाशात पाहिलं. मग गवतावर. मग झेंड्याकडे. योरिद पायरीवर उभी होती. तिच्या जिभेवर 'मी सांगितलं होतं' तयार होतं. बाबांचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

सगळं गाव बघत होतं. सणाच्या दिवशी, सगळ्यांच्या खांबांवर झेंडे असताना, बाबांनी दोरी सोडवली आणि आपला झेंडा खाली घेतला. त्याची घडी त्यांनी सावकाश, नीट केली. मिरवणूक थबकली होती.

तोर्गेर आजोबा अंगणाच्या फाटकातून आत आले. "स्तेइनार, दोरी तुटली का?"

"नाही," बाबा म्हणाले. "सावली पडते. ओद्रुनची बदकं मीच पळवत होतो. पोरांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

आता आजोबा टोमणा मारणार, अशी योरिदची खात्री होती. पण त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "बरं झालं कळलं. माझ्याकडे दोन-दोन माद्या एका घरात झोंबतायत. अंडी वाया चाललीत. मीही कुणाला बोललो नाही." मग त्यांनी आमुनकडे वळून पाहिलं. "काय रे, पताका कोण लावतं, हे तू मला उगाच नव्हतंस विचारलं."

"नाही आजोबा."

"म्हणजे आपल्या दोघांना या पोरांनी नाचवलं."

"नाचवलं तरी बरं," ओद्रुनआत्या गडग्यापाशी येऊन म्हणाली. "तुम्ही दोघं आपणहून सरळ चालला असतात का? मी महिनाभर आकाशाकडे बघत गरुड शोधत होते. जमिनीकडे या तिघांनी पाहिलं. शाबास रे पोरांनो." पाण्यात पळालेली मादी परत आली होती आणि उघड्या खांबाखालून, जणू काही झालंच नाही अशी, आपल्या घराकडे चालली होती. आत्या ती आत बसेपर्यंत थांबली. मग तिने हात पुढे केला. "चल योरिद. आज एकालाच नेता येईल. जास्त माणसं नकोत."

योरिदने पाऊल उचललं आणि तिला आमुन दिसला. तो गडग्याला हात न लावता, एक पाऊल मागे उभा राहून आत बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं, ते तिला कुणी सांगायला नको होतं. आठवडाभर खिडकीच्या काचेत ती तोच चेहरा बघत आली होती.

"आमुनला ने," ती म्हणाली. "उन्हाचं आधी त्याच्या लक्षात आलं होतं."

 "उद्या तू," आत्या म्हणाली आणि तिने आमुनसाठी गडग्याचं फाटक उघडलं. आमुन मागे वळून काही बोलणार होता, पण योरिदने त्याला डोळ्यांनीच पुढे हाकललं. तो धांदरट मुलगा इतका हळू चालत होता की तोर्गेर आजोबा तोंड उघडं टाकून बघत राहिले. पहिल्या घरापाशी तो गुडघ्यांवर बसला. मादी उठली नाही.

योरिदला लगेच पश्चात्ताप झाला. तिला ओरडावंसं वाटलं, त्याला कॉलर धरून बाहेर ओढावंसं वाटलं. ती दोन्ही हात खिशात घालून उभी राहिली.

बाबा घडी केलेला झेंडा काखेत घेऊन तिच्याशेजारी येऊन उभे राहिले. "कसं वाटतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"वाईट. इथे जळतंय सगळं," ती छातीवर हात ठेवून कुजबुजली.

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले. "तुझं निदान आत तरी आहे. माझं बारा मीटर उंच आहे, आणि ते अंगणात उभं आहे."